उत्तमाचा ध्यास आणि चुकीची धास्ती

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीस गणिताच्या सहामाही परीक्षेंत ५० पैकीं ४८ गुण मिळाले. उत्तरपत्रिका तिच्या हातीं देतांना मीं सहज विनोदानें विचारलें, "मग राहिलेले दोन कोठें गेले?" सारा वर्ग हंसला, ती मात्र हंसली नाहीं. पुढें वार्षिक परीक्षेच्या वेळीं देखरेखीसाठीं मी तिच्याच खोलींत होतों. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तिनें लिहिलें, खोडलें, पुन्हां लिहिलें, पुन्हां खोडलें. शेवटची घंटा झाली तेव्हां तिचे अखेरचे दोन प्रश्न कोरे राहिले होते. ते तिला येत नव्हते असें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तेच प्रश्न तिनें माझ्यासमोर फळ्यावर न अडखळतां सोडविले. "मग काल काय झालें?" असें विचारतां ती खालीं पाहून म्हणाली, "सर, पहिलेंच उत्तर चुकलें असेल असें सारखें वाटत होतें. या वेळीं एकहि गुण जाऊं द्यायचा नव्हता."

विनोद माझा होता. त्याची झळ मात्र तिला लागली. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून बसला. आम्ही शिक्षक मुलांस नेहमीं सांगतों कीं, जें कराल तें उत्तम करा. अक्षर वळणदार काढा, आकृति नेटकी काढा, उत्तर पडताळून पाहा. हा उपदेश चुकीचा म्हणावा काय? आणि तो चुकीचा नसेल, तर त्याच उपदेशानें एका मुलाचें काम उजळतें आणि दुसऱ्याचा हात थिजतो, याचें कारण काय? या प्रश्नाचा विचार मानसशास्त्रज्ञांनीं गेल्या सुमारें पन्नास वर्षांत बराच खोलवर केला आहे. तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईवडिलांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें थोडक्यांत मांडीत आहें.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ ठरवून घेऊं. आपलें काम सर्वथा निर्दोष असलें पाहिजे, त्यांत बोट ठेवावयास जागा राहतां कामा नये, अशी जी मनाची वृत्ति, तिला येथें 'परिपूर्णतेचा आग्रह' म्हटलें आहे. दुसरा शब्द 'समायोजन'. भोंवतालची परिस्थिति, अंगावर आलेलीं कामें आणि सोबतचीं माणसें यांच्याशीं मनाचा मेळ बसणें, आणि अपयश आलें तरी पुन्हां उभें राहतां येणें, याला मानसशास्त्रांत समायोजन म्हणतात. तें कितपत साधलें आहे हें पाहण्यासाठीं अभ्यासक एका बाजूस चिंता व खिन्नता मोजतात, आणि दुसऱ्या बाजूस समाधान व स्वतःविषयींचा आदर मोजतात. परिपूर्णतेच्या आग्रहानें हा मेळ बिघडतो कीं सुधारतो, हा आपला विषय.

१९७८ सालीं अमेरिकेंतील डॉन हॅमाचेक यांनीं या आग्रहाचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. पहिल्या प्रकारचा मनुष्य कष्टाचें काम आवडीनें करतो, त्यांत त्याला आनंद मिळतो, आणि प्रसंग पाहून 'आज इतकें पुरे' असें म्हणण्याची मुभा तो स्वतःस देतो. दुसऱ्या प्रकारच्या मनुष्यास काम कितीहि चांगलें झालें तरी तें पुरेसें वाटत नाहीं. पहिल्यास हॅमाचेक यांनीं स्वाभाविक म्हटलें व दुसऱ्यास विकारी. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांच्या वह्या सारख्याच स्वच्छ दिसतील. वही मिटल्यानंतर मनांत काय चालतें, त्यांत खरा भेद आहे.

हा भेद मोजून पाहण्याचें काम त्यानंतर झालें. १९९० सालीं रँडी फ्रॉस्ट व त्यांचे सहकारी यांनीं ३५ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडतें, तें उत्तर देणाऱ्यानें सांगावयाचें. तिच्यांत या आग्रहाचीं सहा अंगें निरनिराळीं मोजलीं जातात:

(१) चुकांची धास्ती: एक चूक म्हणजे संपूर्ण अपयश, आणि चुकलों तर लोकांच्या मनांतून उतरूं, असें वाटणें.
(२) स्वतःचे मापदंड: स्वतःसाठीं उंच ध्येय ठरविणें व त्यास महत्त्व देणें.
(३) आईवडिलांच्या अपेक्षा: त्या फार मोठ्या आहेत असें मुलास वाटणें.
(४) आईवडिलांची टीका: आपली चूक घरीं खपवून घेतली जात नाहीं असें वाटणें.
(५) संशय: काम पुरें झालें तरी तें बरोबर झालें अशी खात्री न वाटणें.
(६) टापटीप: नीटनेटकेपणाची व व्यवस्थेची आवड.

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तिसरें व चौथें अंग मोजतांना आईवडील खरोखर काय बोलले हें विचारलेलें नाहीं. मुलास काय वाटतें हें विचारलें आहे. आपण प्रेमानें बोललेला शब्द मुलाच्या कानीं टीका म्हणून पडूं शकतो. माझा विनोद त्या मुलीच्या कानीं तसाच पडला होता.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९९१ सालीं, कॅनडांतील पॉल ह्यूइट व गॉर्डन फ्लेट यांनीं ४५ विधानांची दुसरी प्रश्नावली पुढें मांडली. आग्रह कोणाचा आणि कोणाविषयीं, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावरून त्यांनीं तीन प्रकार केले. पहिला, माझा स्वतःविषयींचा आग्रह: मीं निर्दोष काम केलें पाहिजे. दुसरा, माझा इतरांविषयींचा आग्रह: माझ्या सोबत्यांनींहि चुकतां कामा नये. क्रिकेटच्या खेळांत गड्याच्या हातून झेल सुटला कीं ज्याचा संताप दिवसभर उतरत नाहीं, तो कप्तान या प्रकारांत येतो. तिसरा, लोकांचा माझ्याविषयींचा आग्रह: घरचे, शाळेंतले, गांवांतले सर्व लोक माझ्याकडून निर्दोषपणाच मागतात, आणि तो मला देतां आला नाहीं तर त्यांच्या मनांत मला जागा नाहीं, अशी समजूत.

१९९३ सालीं फ्रॉस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या दोन्ही प्रश्नावल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस एकत्र देऊन पाहिल्या. तेव्हां हीं सर्व अंगें दोन गटांत विभागलीं गेलीं असें दिसून आलें. एका गटांत स्वतःचे मापदंड, टापटीप, स्वतःविषयींचा आग्रह व इतरांविषयींचा आग्रह हीं आलीं. दुसऱ्या गटांत चुकांची धास्ती, संशय, आईवडिलांच्या अपेक्षा व टीका, आणि लोकांचा आग्रह हीं आलीं. सोयीसाठीं पहिल्या गटास आपण 'ध्यास' म्हणूं व दुसऱ्यास 'धास्ती' म्हणूं. ज्यांच्या मनांत ध्यास अधिक, त्यांच्यांत उत्साह व उल्हास अधिक आढळला; खिन्नतेशीं ध्यासाचा संबंध दिसला नाहीं. ज्यांच्या मनांत धास्ती अधिक, त्यांच्यांत खिन्नता व उद्वेग अधिक आढळले. २००६ सालीं जोआखिम स्टोबर व कॅथलीन ऑटो यांनीं अशा अनेक अभ्यासांची छाननी करून जवळजवळ हाच निष्कर्ष काढला: धास्तीपासून मोकळा असलेला ध्यास चांगल्या गुणांच्या सोबतीनें आढळतो.

अमेरिकेंतीलच रॉबर्ट स्लेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विचारांत आणखी एका मोलाच्या कल्पनेची भर घातली. त्यांच्या २००१ सालच्या २३ विधानांच्या प्रश्नावलींत उंच मापदंड, टापटीप व तफावत अशीं तीन अंगें आहेत. तफावत म्हणजे आपलें ध्येय आणि आपली कामगिरी यांमध्यें आपणांस भासणारें अंतर. समजा, दोन विद्यार्थ्यांनीं ५० पैकीं ४५ गुणांचें ध्येय ठेविलें आणि दोघांसहि ४२ गुण पडले. एक म्हणतो, "तीन गुण कोठें गेले तें पाहूं." दुसरा म्हणतो, "मी असाच. माझ्याकडून कधींच पुरें पडत नाहीं." गुणपत्रिकेवर दोघांचें अंतर तीनच गुणांचें आहे, पहिल्याच्या मनांत तें तितकेंच राहिलें, दुसऱ्याच्या मनांत तें दरीएवढें झालें. ज्यांचे मापदंड उंच व तफावत थोडी, त्यांचा स्वतःविषयींचा आदर अनेक अभ्यासांत चांगला आढळला आहे. ज्यांनीं मापदंडच उंच ठेविलेले नाहींत त्यांच्यापेक्षांहि कित्येकदां अधिक. ज्यांचे मापदंड उंच आणि तफावतहि मोठी, त्यांच्या वांट्यास चिंता व खिन्नता येते. परिपूर्णतेच्या या कल्पनेचा भारतीय विद्यार्थ्यांच्या संदर्भांत काय अर्थ होतो, हें स्लेनी व दिल्लीचे एन. के. चढ्ढा यांनीं इतर सहकाऱ्यांसह तपासून २००० सालीं प्रसिद्ध केलें, हेंहि येथें नमूद करण्याजोगें आहे.

यावरून माझ्या प्रश्नाचें निम्में उत्तर मिळालें. 'उत्तम करा' हा उपदेश चुकीचा नाहीं. मुलांचीं ध्येयें खालीं ओढून त्यांचें मन स्वस्थ होईल ही समजूत चुकीची आहे. मुलाच्या ध्यासास धास्ती चिकटते, तेथें दुखणें सुरू होतें.

परंतु शास्त्राचा निष्कर्ष सांगतांना त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ही कीं, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळें दुसरी झाली असें ठरत नाहीं. धास्तीनें मन खिन्न होत असेल, तसेंच खिन्न मनास आपली तफावत मोठी दिसत असेल. बहुधा दोन्ही एकमेकांस खतपाणी घालतात. दुसरी ही कीं, ध्यास म्हणजे कांहीं अभेद्य चिलखत नव्हे. ज्यांचा स्वतःविषयींचा आग्रह प्रखर असतो त्यांच्यावर नेमकें त्यांच्याच क्षेत्रांत अपयश ओढवलें, तर त्यांस खिन्नता येण्याचा संभव वाढतो, असें ह्यूइट व फ्लेट यांनीं १९९३ सालीं दाखविलें. तिसरी ही कीं, ध्यासाचीं माणसें एका रांगेंत व धास्तीचीं दुसऱ्या रांगेंत अशीं उभीं नसतात. बहुतेकांच्या मनांत दोन्ही थोडींबहुत असतात. म्हणून 'मी कोणत्या रांगेंतला?' असें न विचारतां 'आज माझा हात कोणी धरला आहे, ध्यासानें कीं धास्तीनें?' असें विचारावें.

मग या दोहोंमधील गांठ कोठें आहे? रोझ शाफ्रन, झाफ्रा कूपर व क्रिस्टोफर फेअरबर्न या इंग्लंडांतील अभ्यासकांनीं २००२ सालीं ती दाखवून दिली. जो मनुष्य आपली सारी योग्यता यशाच्या एकाच खुंटीवर टांगतो, त्याचें परिपूर्णतेचें वेड दुखण्यास कारण होतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. खुंटी हलली कीं सर्वच खालीं येतें. गवंडी भिंत बांधतांना ओळंबा सोडून पाहतो. भिंत कललेली दिसली तर तो दोन विटा काढतो व पुन्हां बसवितो; 'मी गवंडीच नव्हे' असें म्हणून थापी टाकून देत नाहीं. ओळंबा भिंतीचा दोष दाखविण्यासाठीं आहे, गवंड्याची लायकी ठरविण्यासाठीं नाहीं. गुणांचेंहि तसेंच आहे.

धास्तीनें काम सुधारतें अशी पुष्कळांची कल्पना असते. वर्गांत मला उलटच दिसतें. धास्ती बाळगणारा मुलगा शंका विचारीत नाहीं, कारण विचारल्यानें अज्ञान उघडें पडेल. तो अभ्यासास उशिरा बसतो, कारण सुरुवात करावयाची तर ती उत्तमच झाली पाहिजे. रंगीत शायांनीं वेळापत्रक आंखण्यांत त्याचे दोन दिवस जातात, आणि तिसऱ्या दिवशीं एक तास चुकला कीं तें वेळापत्रकच फाडलें जातें. परीक्षेंत त्याचें अर्धें लक्ष प्रश्नावर व अर्धें 'चुकलें तर काय' यावर असतें. शेवटीं गुण कमी पडतात, आणि 'मी पुरा पडत नाहीं' या समजुतीस नवा पुरावा मिळतो. हें चक्र मुलाच्या आळसामुळें फिरत नाहीं. पण बाहेरून तें आळसासारखें दिसतें, आणि आम्ही त्याला आळशी म्हणून मोकळे होतों.

हा प्रश्न दिवसेंदिवस मोठा होत आहे. ब्रिटनमधील टॉमस करन व अँड्र्यू हिल यांनीं १९८९ ते २०१६ या काळांत अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं दिलेलीं उत्तरें एकत्र करून तपासलीं, व २०१९ सालीं आपला निष्कर्ष छापला. ह्यूइट व फ्लेट यांचे तिन्ही प्रकार त्या काळांत वाढत गेले. आणि सर्वांत अधिक वाढला तो तिसरा, म्हणजे 'लोक माझ्याकडून निर्दोषपणाच मागतात' हा. हे आंकडे परदेशांतील आहेत. परंतु दहावीच्या निकालानंतर आपल्या घराघरांतून होणारी विचारपूस, शेजारच्या मुलाशीं तुलना, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या गुणपत्रिका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हा तिसरा प्रकार अनोळखी वाटणार नाहीं.

आतां विद्यार्थ्यांस चार गोष्टी सांगतों.

पहिली: कामास वेळेची मर्यादा घाला. परीक्षेंत प्रत्येक प्रश्नास मिनिटें वांटून द्या, आणि तीं संपलीं कीं पुढें चला. परत येऊन सुधारण्यासाठीं शेवटचीं दहा मिनिटें राखून ठेवा. पुढें जाणें म्हणजे हार खाणें नव्हे.

दुसरी: चुकांची एक स्वतंत्र वही करा. चूक कोणती, ती कां झाली, बरोबर काय, इतकेंच तिच्यांत लिहा; 'मी मूर्ख आहें' असें लिहूं नका, कारण त्यांत शिकण्यासारखें कांहींच नाहीं. लपविलेली चूक पुन्हां होते; लिहून ठेविलेली चूक वार्षिक परीक्षेपूर्वीं तुमची उत्तम शिक्षिका होते.

तिसरी: स्वतःशीं बोलतांना क्षणभर थांबून विचारा कीं, हीच चूक माझ्या जिवलग मित्राकडून झाली असती तर मी त्याला काय म्हटलें असतें? जें त्याला म्हटलें असतें, तेंच स्वतःस म्हणा. हें स्वतःचे लाड करणें नव्हे. मित्रास आपण धीर देतों, तसें 'पुन्हां करून पाहा' असेंहि सांगतोंच.

चौथी: कित्येक आठवडे झोंप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशांतहि मन रमत नसेल, किंवा जगणें नकोसें वाटत असेल, तर तें एकट्यानें सोसूं नका. आई, बाबा, मोठी ताई, शिक्षक, ज्यांच्याशीं बोलवेल त्यांस त्याच दिवशीं सांगा. भारत सरकारच्या 'टेलि-मानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथें रात्रीं-बेरात्रींहि मोफत बोलतां येतें.

पालकांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुलांपुढें उंच ध्येय ठेवूं नका असें मी म्हणणार नाहीं. तुमच्या कष्टांवर तीं शिकत आहेत, आणि त्यांनीं चांगलें करावें ही इच्छा योग्यच आहे. खोटी स्तुतीहि करूं नका, ती मुलांस लगेच कळते. मात्र चूक दाखवितांना उत्तराविषयीं बोला, मुलाविषयीं बोलूं नका. 'हें गणित तिसऱ्या पायरीवर चुकलें' आणि 'तूं नेहमींच निष्काळजी' यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यानें गणित सुधारतें, दुसऱ्यानें फक्त धास्ती वाढते. निकालाच्या दिवशीं घरांत शिरणाऱ्या मुलास पहिलें वाक्य कोणतें ऐकूं यावें, हें आदल्या दिवशींच ठरवून ठेवा. आपण स्वतः केव्हां नापास झालों, कोणत्या कामांत फसलों आणि मग काय केलें, हें मुलांस कधीं जेवतांना सांगा. वडील माणसें कधीं चुकलींच नाहींत अशी त्यांची समजूत असते. आणि एखाद्या निवांत संध्याकाळीं मुलास इतकेंच विचारा: "किती गुण पडले तर आम्ही तुझ्यावर रुसूं असें तुला वाटतें?" जें उत्तर येईल तें ऐकून कदाचित् तुम्हांस धक्का बसेल. तरी तें मध्यें न बोलतां ऐकून घ्या.

राहिला मी. त्या मुलीस मीं नंतर बोलावून घेतलें आणि माझा विनोद चुकला असें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. शिक्षकानें चूक कबूल केल्याचेंच तिला अधिक आश्चर्य वाटलें असावें. दहावीच्या वर्षीं एकदां तिनें वर्गांत हात वर करून विचारलें, "सर, ही पायरी मला कळली नाहीं. पुन्हां सांगाल?" वर्षभर स्वच्छ वही दाखविणाऱ्या त्या मुलीनें माझ्या तासाला विचारलेली ती पहिली शंका होती. तेव्हांपासून उत्तरपत्रिका परत देतांना मी एक नेम पाळतों. प्रथम बरोबर सोडविलेल्या उदाहरणावर बोट ठेवतों, मग चुकलेल्या पायरीवर, आणि शेवटीं विचारतों, "येथें काय झालें, सांगशील?" गेलेल्या गुणांचा हिशेब मी आतां मुलांस विचारीत नाहीं.